‘टीचर, राईस ईट?’ – कोरियातल्या शाळेत इंग्रजी शिकवताना

रानजाई

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी मूळची नाशिकची. अकरा वर्षांची असताना आईबाबांबरोबर न्यू जर्सीला गेले, त्यामुळे पासपोर्ट अमेरिकेचा. सध्या दक्षिण कोरियात गांगवन प्रांतात असते. चुन्चॉन शहरापासून बसने पन्नास मिनिटांवर एक खेडं आहे, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते. हे तिसरं वर्ष. शाळेचा पट सगळा मिळून ३४. इथे इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं आणि वर्गात माझ्यासोबत एक कोरियन बाई असतात. मला सगळे ‘वनॉमिन सॉनसेंगनिम’ म्हणतात, म्हणजे ‘ही भाषा जिची मातृभाषा आहे त्या बाई’. माझी मातृभाषा इंग्रजी नाही, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर देवनागरीत नाव लिहून सांगितलं होतं. मुलांना ती वरची रेघ फार आवडली. अजूनही काही जण आपलं नाव लिहून झालं की वर रेघ ओढतात.

आता प्रश्न. तिसरीत एक मुलगा आहे, आजीजवळ राहतो. मार्चमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून जुलैपर्यंत माझ्या तासाला तोंड उघडलं नाही. नुसता वहीवरचं स्टिकर सोलून माझ्या हातावर चिकटवायचा आणि पळायचा. सप्टेंबरमध्ये एक दिवस जेवणाच्या रांगेत स्टीलचं खणांचं ताट घेऊन उभी होते, तर मागून कोणी तरी स्वेटर ओढला. बघते तर हा. कान लाल झालेले, नजर ताटावर. म्हणाला, “टीचर, राईस ईट?”

मी “येस, येस!” म्हटलं आणि मला पुढे काही सुचेना. तेव्हापासून तो रोज विचारतो. अगदी ह्याच शब्दांत.

सोबतच्या बाईंचं म्हणणं, तू त्याचं वाक्य दुरुस्त केलं पाहिजेस, त्यासाठीच तर तुला इथे आणलंय. मला ते जमत नाही. पाच महिन्यांनी उघडलेलं तोंड पुन्हा मिटेल अशी भीती वाटते. तुमच्यात शिकवणारे बरेच आहेत. तुम्ही काय केलं असतं?

डोंगरवाट

काही दुरुस्त करू नका. बोलतोय ना, बोलू द्या.

सुवॉनकर

रानजाई, धागा वाचून फार बरं वाटलं. मी नऊ वर्षं सुवॉनमध्ये आहे, नोकरी सॉफ्टवेअरमधली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोरियनमध्ये ‘बाप’ म्हणजे शिजवलेला भात, आणि ‘बाप’ म्हणजेच जेवणही. दोन माणसं भेटली की “बाप मॉगॉस्सॉयो?”, म्हणजे “जेवलात का?”. हा प्रश्न पोटाचा नसतो. ‘बरे आहात ना’ असं विचारण्याचीच ती एक रीत आहे. त्या मुलाने मनात कोरियन वाक्य धरलं आणि एकेक शब्द इंग्रजीत बदलला. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. “टीचर, राईस ईट?” आणि “बाई, भात खाल्ला?” यांची घडण एकच आहे.

माणदेशी

आमच्याकडे अजूनही “भाकरी खाल्ली का?” असंच विचारतात. ताटात भाकरी असो नाहीतर पोळी. माझी आजी गेली त्या आठवड्यात फोनवर माझ्याशी बोललेलं तिचं शेवटचं वाक्य हेच होतं. तुमच्या त्या पोराने तुम्हाला घरचं माणूस मानलंय, ताई.

निवृत्त_मास्तर

बत्तीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलं, त्या अधिकाराने थोडं वेगळं मत मांडतो. मुलाचं कौतुक आहेच. पण शिक्षकाने चूक पाहून सोडून दिली, तर मूल तीच घट्ट धरून मोठं होतं. दोन महिने रोज एकच चुकीचं वाक्य म्हटलं म्हणजे त्याचा पाठ झाला. पुढे तो सोडवताना त्यालाच त्रास होणार आहे. तुमच्या सोबतच्या बाईंचं मला चूक वाटत नाही. दुरुस्ती म्हणजे रागावणं नव्हे.

दुसरं, सुवॉनकरांनी दिलेला तो शब्द मी ध्वनिफितीवर ऐकला. ‘बाप’ आणि पुढे ‘म’ आला की मला ‘बाम्’ असं ऐकू येतं. माझी ऐकण्यात चूक होते आहे का?

सुवॉनकर

सर, तुमचा कान पक्का आहे. लिहिताना ‘प’, बोलताना ‘बाम् मॉगॉस्सॉयो’. शाळेच्या ‘इयत्ते’ला ‘हाक्’ आणि ‘न्यॉन’ मिळून शब्द होतो, पण म्हणतात ‘हांग्न्यॉन’.

निवृत्त_मास्तर

म्हणजे वाक् अधिक मय, वाङ्मय! जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. षट् अधिक मास, षण्मास. आपली अनुनासिक संधी जशीच्या तशी. इतक्या लांबच्या, दुसऱ्याच कुळातल्या भाषेत हाच नियम सापडावा, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. आज जेवणानंतरची झोप गेली.

रानजाई

मास्तर सर, तुम्ही माझं दोन वर्षांचं कोडं सोडवलंत! माझी मुलं सकाळी “गुन्मॉर्निंग” म्हणतात. ‘गुड’मधला ‘ड’ पुढच्या ‘म’मुळे ‘न’ होतो. ‘पॉप म्युझिक’चं ‘पॉम म्युझिक’ होतं. मला वाटायचं घाईत बोलतात. आज पाचवीच्या वर्गात ‘हांग्न्यॉन’ फळ्यावर लिहिलं, शेजारी ‘वाङ्मय’ लिहिलं, दोन्ही म्हणून दाखवलं, मग ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला लावलं. जिभेला ‘ड’वर थांबायचं आहे, हे त्यांना आज पहिल्यांदा समजलं. एक मुलगी तर मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून “गुड. मॉर्निंग. गुड. मॉर्निंग” असं घोकत होती.

सोबतच्या बाईंचा मुद्दाही लिहायला हवा, कारण तो मला नीट समजलाय. कोरियनमध्ये मोठ्या माणसाला ‘बाप’ म्हणून विचारणं बरं दिसत नाही. शिक्षकांना ‘शिक्सा’ म्हणायचं, आजीआजोबांना ‘चिंजी’. घरात मूल चुकलं की मोठी माणसं तिथल्या तिथे सुधारतात आणि त्यात कोणाला वाईट वाटत नाही. बाईंना वाटतं, मी न सुधारणं म्हणजे मुलाकडे लक्ष न देणं. त्यांना त्याची माझ्याइतकीच काळजी आहे.

पेन्सिल

थोडं विषयांतर. माझं इंग्रजीत एम.ए. झालंय, बी.एड. आहे, पुण्यात शिकवते. भारतीय पासपोर्टवर तिकडे जाता येतं का? एक एजंट दीड लाख मागतोय.

सुवॉनकर

ताई, एजंटला एक पैसाही देऊ नका. इंग्रजी शिकवायला जो ई-२ व्हिसा मिळतो, तो सर्वसाधारणपणे सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. मात्र भारत आणि कोरिया यांच्यातला ‘सेपा’ हा करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीयांना शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून येण्याची वाट ठेवली आहे. अट म्हणजे इंग्रजीची पदवी आणि शिक्षक असल्याचं प्रमाणपत्र. तुमच्याकडे दोन्ही आहे. पण ही वाट कागदावर जितकी रुंद आहे तितकी प्रत्यक्षात नाही. माझ्या ओळखीत ह्या वाटेने आलेलं कोणी नाही. खासगी क्लासला ही सवलत चालत नाही.

आणि इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे एफ-३ व्हिसावर आलेल्या आपल्या बऱ्याच बायका आहेत, उत्तम शिकलेल्या. त्यांना वेगळी परवानगी काढल्याशिवाय काम करता येत नाही. घरी चार मुलांची शिकवणी घेतली तरी तो गुन्हा ठरू शकतो. माझ्या बायकोने नागपुरात आठ वर्षं शिकवलं. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं तिला फार जड गेली. हे कोणीतरी स्पष्ट लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

टोरांटोकर_निनाद

खासगी क्लासचा अनुभव माझ्याकडे आहे. कॅनडाचा पासपोर्ट, सोलजवळच्या एका शहरात दोन वर्षं ‘हागवॉन’मध्ये होतो. हागवॉन म्हणजे आपले कोचिंग क्लास, फक्त गणित-इंग्रजीपासून पियानो-तायक्वांदोपर्यंत सगळ्याचे. माझी वेळ दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास चालवायला बंदी आहे, यावरून मुलं किती वाजेपर्यंत बसत असतील ते समजा. शेवटच्या तासाला दहा-अकरा वर्षांची मुलं डोळे चोळत “टीचर, गेम” म्हणायची, तेव्हा मी पुस्तक मिटायचो. त्यावरून दोनदा बोलणीही खाल्ली.

रानजाईंसाठी नाही, पण नव्याने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथल्या कायद्याप्रमाणे वर्ष पूर्ण केलं की एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम जाताना मिळते. मला दुसऱ्या वर्षी अकराव्या महिन्यात ‘विद्यार्थी कमी झाले’ म्हणून काढलं. शेवटचा पगारही अडवला. मी १३५० ह्या कामगार खात्याच्या क्रमांकावर फोन केला, तिथे इंग्रजीतही बोलता येतं. मग कामगार कार्यालयात करारपत्र, बँकेचं पासबुक आणि हजेरीचे फोटो घेऊन गेलो. पगार सात आठवड्यांनी मिळाला. त्यामुळे हजेरीचा पुरावा पहिल्या दिवसापासून ठेवा. माझ्याकडे तो होता म्हणूनच निभावलं.

पेन्सिल

सुवॉनकर दादा, निनाद, मनापासून आभार. एजंटला आजच नाही म्हणून सांगितलं.

कोथिंबीर

मला एकच विचारायचंय. शाकाहारी माणूस तिकडे जगतो कसा?

रानजाई

कोथिंबीर, पहिलं म्हणजे तुझ्या नावाची भाजी इथे बऱ्याच जणांना साबणासारखी लागते. :)

मी शाकाहारी आहे, अंडं खाते. शाळेत रोजचं जेवण म्हणजे भात, सूप, किमची (मीठ-तिखटात मुरवलेला कोबी) आणि दोन-तीन तोंडीलावणी, आणि ते आम्ही मुलांबरोबर एकाच हॉलमध्ये जेवतो. महिन्याच्या सुरुवातीला पदार्थांचा तक्ता मिळतो. प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीचे क्रमांक असतात आणि ते देशभर सारखे. ९ म्हणजे कोळंबी, १० डुकराचं मांस, १५ कोंबडी, १६ गोमांस, १७ माकूल, १८ शिंपल्या. हे क्रमांक मी पहिल्या आठवड्यात पाठ केले, मग वाचता न येणारा तक्ताही कामाला आला. किमचीपुढे बहुतेकदा ९ दिसतो, कारण त्यात खारवलेली बारीक कोळंबी घालतात. फसगत होते ती सुक्या मासळीच्या पाण्याची. बरीच सुपं त्यात शिजतात आणि त्या मासळीला क्रमांकच नाही. हॅम, सॉसेज यांना तर कित्येक लोक मांसात धरतच नाहीत.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंना मी मोडक्या कोरियनमध्ये चिठ्ठी लिहिली. तेव्हापासून ज्या दिवशी मला खाण्यासारखं काही नसेल त्या दिवशी माझ्या ताटात एक जास्तीचं अंडं आणि भाजलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट असतं. त्यांना मी हे करायला सांगितलेलं नव्हतं.

आणि हो, भाताच्या वाटीत चमचा उभा खोचायचा नाही. मृतासाठी ठेवलेल्या भातात तसं करतात.

अस्मि

निनाद यांनी लिहिलेल्या मुलांचं वाचून वाईट वाटलं. एवढं सगळं त्या मोठ्या परीक्षेसाठी?

टोरांटोकर_निनाद

बहुतांशी हो. ‘सुनुंग’, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी. त्या दिवशी कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीतून सोडतात, आणि इंग्रजीची श्रवण चाचणी चालू असताना देशभर विमानांची ये-जा थांबवतात. आमच्या इमारतीच्या रखवालदार काकांची नात त्या वर्षी परीक्षेला होती. काका सकाळपासून कोणाशी बोलले नाहीत. श्रवण चाचणीच्या वेळी बाहेर येऊन नुसते आकाशाकडे बघत उभे राहिले. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो.

जिप_बाई

मूळ प्रश्नाकडे वळते. मी जव्हार-मोखाडा भागात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. माझ्या पहिलीच्या मुलांची घरची भाषा वारली, शाळेची मराठी, आणि आपल्याकडे २००० सालापासून इंग्रजीही पहिलीपासूनच. म्हणजे सहा वर्षांच्या पोरापुढे एकदम दोन नव्या भाषा. पहिले तीन-चार महिने गप्प बसणारी मुलं मी दर वर्षी बघते. ती गप्प असतात तेव्हा साठवत असतात.

मास्तर सरांचं आणि डोंगरवाट यांचं, दोघांचंही थोडं थोडं घेऊन मी असं करते. मूल चुकीचं बोललं की ‘असं नाही, तसं’ म्हणत नाही. त्याच्या बोलण्याला उत्तर देते, पण उत्तरात बरोबर वाक्य घालते आणि तेच त्याला उलट विचारते. रानजाई, तो “राईस ईट?” म्हणाला की तुम्ही नुसतं “येस” म्हणून थांबू नका. “येस, आय एट लंच. डिड यू ईट लंच?” असं म्हणा, आणि खरंच उत्तराची वाट बघा. त्याला दुरुस्ती केल्यासारखं वाटणार नाही, गप्पा वाटतील. रोज तेच म्हणा. त्याचं वाक्य एकदम बदलणार नाही, आधी एखादा शब्द हलेल. तो हलला की समजा कानात गेलं.

आणि ‘राईस’ चुकीचा आहे असं त्याला कधीच वाटू देऊ नका. माझी मुलं वारलीत बोलली की पूर्वी मीच टोकायचे. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

निवृत्त_मास्तर

जिप बाई, हे मान्य. मला दुरुस्ती हवी होती, ती ह्यात आहे. फक्त रानजाईंनी सातत्य ठेवावं.

माणदेशी

रानजाई ताई, ३४ पटाची शाळा टिकणार आहे का? आमच्या वाडीतल्या शाळेचा पट अकरावर आलाय, रोज बंद होण्याच्या बातम्या.

रानजाई

माणदेशी दादा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ह्या देशात २०२३ साली जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) ०.७२ पर्यंत खाली गेला होता, २०२४ मध्ये जेमतेम ०.७५ झाला. खेड्यांत तर मुलंच नाहीत. आमच्याकडे यंदा पहिलीत दोघं आली, पुढच्या मार्चमध्ये येणारं एकही नाही. पहिलीच्या वर्गातल्या छोट्या खुर्च्या आत्ताच भांडारात नेऊन ठेवल्यात. शेजारच्या गावच्या शाळेचं आता कॅम्पिंगचं मैदान झालंय.

माझा करार फेब्रुवारीत संपतो. पगार २३ लाख वॉन, म्हणजे साधारण एक लाख चाळीस हजार रुपये, आणि राहायला फुकट खोली, खालून तापणाऱ्या जमिनीची. सोलमधल्या एका क्लासने ह्याहून बरंच जास्त देऊ केलंय. आई म्हणते तिकडे जा, निदान माणसांत राहशील. गेला महिनाभर हाच विचार चाललाय. हा धागा काढायचं अर्धं कारण तेच होतं, पण पहिल्या पोस्टमध्ये लिहायचा धीर झाला नाही.

टोरांटोकर_निनाद

मी क्लासमध्ये दोन वर्षांत सुमारे तीनशे मुलांना शिकवलं. त्यातल्या कोणी माझा स्वेटर ओढला नाही. पैशाची गरज असेल तर जरूर जा, त्यात कमीपणा नाही. गरज नसेल तर अजून एक वर्ष थांबा.

अस्मि

निनादना अनुमोदन. पण आईचंही ऐका. खेड्यातला एकटेपणा हिवाळ्यात फार वाढतो, फिनलंडमध्ये मी ते भोगलंय. संध्याकाळी बोलायला एक तरी माणूस आहे का तिथे?

रानजाई

आहे, अस्मि. त्या आहारतज्ज्ञ बाई. गेल्या शनिवारी त्यांच्या आईकडे ‘किमजांग’ला घेऊन गेल्या, म्हणजे हिवाळ्याभराची किमची घालायचा दिवस. आपल्याकडे वाळवणाला जमतात तशा बायका जमतात. मिठात मुरलेल्या कोबीच्या पानापानांत तिखट मसाला चोळायचा. दीडशे कोबी होते. माझ्यासाठी वीस कोबी कोळंबीशिवाय वेगळे काढले होते आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव, वर रेघ ओढून. ती रेघ त्यांच्या मुलाने ओढली होती, तो आमच्या चौथीत आहे.

रानजाई

मंडळी, जिप बाईंनी सांगितलेलं सलग सव्वीस दिवस केलं. सोबतच्या बाईंनाही सांगितलं, आता त्याही तसंच करतात. आज बुधवार होता. बुधवारी आमच्याकडे ताट स्वच्छ करायचा दिवस असतो, म्हणून जेवण मुलांच्या आवडीचं. तो रांगेत माझ्या पुढे होता. वळून म्हणाला,

“टीचर, लंच ईट?”

राईसचं लंच झालं! मी म्हटलं, “नॉट येट. डिड यू ईट लंच?” त्याने हातातलं रिकामं ताट वर करून दाखवलं आणि कपाळाला आठ्या घालून बराच वेळ शब्द शोधला. मागची मुलं ढकलत होती, तरी हलला नाही. मग म्हणाला, “नो. टीचर टुगेदर ईट.”

त्याच्या शेजारी बसून जेवले. दुपारी मुख्याध्यापकांना सांगितलं की मी पुढच्या वर्षासाठी सही करते. आईला अजून सांगायचंय.

जिप_बाई

“टुगेदर”! हा शब्द कुठून आणला त्याने?

रानजाई

चौथ्या धड्यातला आहे. सप्टेंबरात झाला होता, तेव्हा तो स्टिकर सोलत बसला होता.

निवृत्त_मास्तर

उद्या त्याला “लेट्स ईट टुगेदर” असं म्हणा आणि शेजारी जागा धरून ठेवा. चौथीत गेला की कळवत राहा.